पेनांगला कुठं जायचं

खताच्या एका कंपनीनं जास्त माल खपवणाऱ्या दुकानदारांना बायकोसकट जहाजाची सफर जाहीर केली, तेव्हा सगळं इंदापूर आधी हसलं. उजनीच्या पाण्याशिवाय दुसरं पाणी न पाहिलेले आम्ही, आणि म्हणे सिंगापूरहून बोटीत बसणार! पण पासपोर्ट हातात आले आणि हसणारेच येऊन विचारायला लागले, बोटीत भाकरी मिळती का म्हणून.

माझे मिस्टर रविंद्र त्या दुकानदारांतले एक. सोबत आणखी दोन जोडपी होती: बारामतीचे सर्जेराव तात्या नि लीलाबाई, आणि त्यांचा भाचा विजयसिंह नि त्याची बायको राजेश्वरी. बोट पेनांगला आणि फुकेतला थांबणार होती. खाली उतरल्यावर एखादंच ठिकाण बघण्यापुरता वेळ, म्हणून कुठं जायचं ते आधीच सांगा, गाड्या ठरवाव्या लागतात, असं पुण्याच्या टूरवाल्यानं कळवलं. त्यासाठीची बैठक आमच्या घरी ठरली.

माझं तर कधीच ठरलं होतं. टूरवाल्याच्या रंगीत पुस्तिकेत पेनांगच्या विहाराचा फोटो होता. आत कुशीवर निजलेली सोनेरी बुद्धमूर्ती, आमच्या दुकानापेक्षा लांब. तो फोटो मी गावी, कऱ्हाटीला नेऊन सासऱ्यांना दाखवला. माझे सासरे बाजीराव छप्पन्न साली ऐन तारुण्यात दीक्षा घेतलेले. चष्मा पुसून पुसून बघत राहिले.

"पोरी, तितं म्हणं समदं गावच त्येला हात जोडतंय," ते म्हणाले. "तू कोण, कुणाचा, आसं कोन इचारत न्हाय. तेवढं बघून ये आन् मला येऊन सांग."

मी शब्द दिला. त्या दिवसापासून मला बोटीचं, समुद्राचं कशाचंच अप्रूप राहिलं नाही. मला फक्त पेनांग दिसत होतं.

बैठकीच्या दिवशी मी भज्यांचं ताट घेऊन बाहेरच्या खोलीत आले आणि जागीच थांबले. समोरच्या भिंतीवर नुसते खिळे. बाबासाहेबांचा फोटो नाही, बुद्धाचा नाही.

"अहो, फोटो कुठं गेले?"

"आत ठेवलेत. पाहुणे जाईपर्यंत," हे खालच्या आवाजात म्हणाले. "आपलं आडनाव त्यांच्यातही असतं, ज्योत्स्ना. त्यांनी कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. धंदा आहे. आणि तो विहार काढू नकोस मध्येच. बीच म्हण."

मला वाटलं, माझे कान बिघडलेत. अख्ख्या गल्लीला आम्ही कोण ते ठाऊक. दर पौर्णिमेला आमच्या घरातली वंदना शेजारी ऐकतात. आणि हा माणूस बारामतीच्या दुकानदारांपुढं इतकी वर्षं भलताच कुणीतरी होऊन बसला होता! मला त्याचा पत्ताही नव्हता. भांडायला तोंड उघडलं, तेवढ्यात दाराशी जीप थांबली.

पाहुणे बसले. मी चहा ठेवला. लीलाबाईंचा उपास होता. उपासाला चहा चालतो की, म्हटलं, तर त्यांचा कडक असतो म्हणे. तात्यांना ॲसिडिटी. राजेश्वरीनं कप उचलला, मामीसासूकडं पाहिलं आणि परत ठेवला. मी रागानं इतकी पेटलेली होते, की ते माझ्या डोक्यातही शिरलं नाही.

टूरवालाही पुण्याहून आला होता; तरुण होता, घाईत होता. "पेनांगला बीचसाठी एक मोठी गाडी, दोन जोडपी," त्यानं वाचायला सुरुवात केली. "आणि रविंद्रसरांना वेगळी टॅक्सी. फुकेतलाही तसंच. तात्यांनी फोनवर सांगितलं होतं."

हे हसले. "वेगळी कशाला? एकाच गाडीत मावू की सगळे."

"आवं, तुमाला तुमच्या भगवंताच्या देवळात जायाचं आसंल," तात्या अगदी मायेनं म्हणाले. "आमची आडकाठी न्हाय. तुमचं तुमी मोकळं."

"आमच्या?"

"तुमी सांगितलं न्हाय म्हून आमाला कळत न्हाय व्हय? आमची मावळण कऱ्हाटीत दिलीया. बाजीरावाचं पोरगं तुमी. पैल्या दिसापासनं म्हायती हाय."

लीलाबाईंनी माझा हात थोपटल्यासारखं केलं, पण हात टेकवला नाही. "आमी कदी तोंडातनं काडलं का, बाई? माणसं लई चांगली तुमी."

उपास, ॲसिडिटी, गार होत चाललेले कप, सगळं एकदम लख्ख कळलं. त्यांच्या बोलण्यात जरा तरी टोचणी असती तर मी दोन शब्द सुनावले असते. पण ते आमच्यावर उपकारच करत होते. मी ह्यांच्याकडं बघितलं. चेहरा पांढराफटक पडला होता. रागाच्या आत कुठंतरी मला बरंही वाटलं. आता लपवायला काही उरलंच नाही. आता तरी हा माणूस ताठ बसून म्हणेल, होय, आम्ही विहारात जाणार.

"तसं काही नाही हो, तात्या," हे म्हणाले आणि हसलेसुद्धा. "आम्ही कुठं देवळाबिवळात जातो? आम्हीपण बीचलाच येतो. बसू की दाटीवाटीनं."

भिंत मोकळी दिसली तेव्हा मी हादरले होते, तात्या बोलले तेव्हाही हादरले होते. पण सगळ्यात जास्त लागलं ते हे. ज्यांना आम्ही शेजारी बसायला नको होतो, त्यांच्याच गाडीत माझा नवरा जागा मागत होता. तात्या नुसते मिशीवरनं बोटं फिरवत राहिले.

"टॅक्सी राहू द्या," मी टूरवाल्याला म्हणाले. माझाच आवाज मला परका वाटला. "विहाराला. माझं नाव लिहा, ज्योत्स्ना."

"एकट्याच, मॅडम?"

"ते ह्यांना विचारा."

ह्यांनी तोंड उघडलं, आणि उत्तर द्यायच्या आधी सर्जेराव तात्यांकडं पाहिलं.