शेकाची खोली

शिरवण्यातलं कौलारू घर पाडून कुंदननं स्लॅबचं घर बांधलं आणि त्याच वर्षी, चौऱ्याण्णवच्या थंडीत, त्याला मुलगी झाली. घराचा आराखडा शेजारच्या उन्नतीनं काढला होता. घरं कशी बांधायची, याचंच ती शिक्षण घेत होती. खाडीच्या अंगाला खाली खिडक्या, समोरच्या भिंतीत छताला लागून झरोके.

"गोजराकाकी, गार वारा खालून शिरंल, गरम हवा वरून जाईल. पंखा नको, लाईटबिल निम्मं."

कुंदनची आई गोजरा हसली होती. "आता वाऱ्यालापन तू वाट दाखवनार व्हय गं?"

पण बाळंतिणीच्या खोलीत वारा कसा चालेल? पाचव्या दिवशी सकाळी गोजरानं खिडक्या लावल्या, स्टुलावर चढून झरोक्यांत गोधडीचे बोळे कोंबले आणि सून काशीच्या बाजेखाली शेगडी सरकवली. कोळसा तिनं आधी अंगणात पेटवला होता. धूर पुरता सरून लालबुंद निखारे उरले, तेव्हाच ते आत आणले. नातीच्या डोळ्यांना धूर नको. गोजराच्या तिन्ही बाळंतपणांत तिच्या सासूनं असाच शेक दिला होता.

"आई, डोकं ठनकतंय," काशी म्हणाली.

"शेकानं उतरंल. पड गप."

दार ओढून ती कढण करायला गेली. वाटी घेऊन परतली, तर खोलीत चिडीचूप. काशीचे गाल लाल दिसत होते. छान झोप लागली, असं वाटून गोजरानं तिला हलवलं. मान एका बाजूला कलंडली. कुशीतल्या पोरीचं तोंड उघडं होतं, हात कापडासारखा लुळा.

"काशी! ए बाय!"

आज पाचवी, कुणाची तरी नजर पडली, हेच आधी गोजराच्या मनात आलं. धावत जाऊन तिनं मीठमोहऱ्या आणल्या, दोघींवरून ओवाळल्या. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा ओवाळताना तिचंच डोकं गरगरलं, भिंत हलली, मूठ सुटली. खोलीत धूर नव्हता, वास नव्हता. तरी श्वास घेतला की छातीवर धोंडा ठेवल्यासारखं होत होतं.

इथं जे काही होतं, ते हवेतच होतं.

पोरीला छातीशी धरून ती अंगणात धावली. "उन्नती! धाव गं, माझी सून मेली!"

उन्नतीनं काशीला चादरीसकट ओढून बाहेर काढलं. पोर रडेना. गोजरानं तिच्या तळव्यांना टिचक्या मारल्या, पाठ चोळली. किती वेळ गेला कोण जाणे. मग एक बारीक आवाज आला, मांजराच्या पिल्लासारखा.

वाशीच्या दवाखान्यात दोघींना ऑक्सिजन लावला. कुंदन पावणे गावातल्या कारखान्यातून तसाच धावत आला. डॉक्टर म्हणाले, निखाऱ्याला धूर नसला तरी बंद खोलीत तो विषारी वायू सोडतो. कौलांच्या फटींतून तो निघून जायचा, स्लॅबखाली कोंडला. दोघी वाचतील.

"झरोके कोनी बुजवले?" कुंदननं विचारलं.

"मीच सांगितलं आईंना," काशी खाटेवरून पुटपुटली. "थंडी वाजत होती."

गोजरानं दचकून तिच्याकडे पाहिलं.

"नाय रे," ती म्हणाली. "ती खोटं बोलतेय. मी बुजवले."

संध्याकाळी नर्सनं नळी काढून पोर कुंदनच्या हातात दिली. त्यानं ती आईपुढे धरली.

"घे."

गोजरानं पदरात हात गुंडाळून घेतले. "तिच्या आईजवल दे, बाबा," ती म्हणाली, "मला भ्या वाटतंय."