ताईच्या हाकेची तार

हेमंतातली सकाळ होती. वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर ऊन हलक्या पावलांनी उतरत होतं. माडांच्या झावळ्यांतून गाळून येत होतं, घरापुढच्या सारवलेल्या खळ्यात सांडत होतं, खळ्यातल्या जुन्या शिसवी मेजावर सोन्याच्या भुकटीसारखं पसरत होतं.

त्या मेजाशी मंदाकिनी वाकून बसली होती. तीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत मुलांना विजेची किमया दाखवलेली, आता शुभ्रकेशा झालेली मंदाकिनी. समोरच्या खुर्चीत तिचा धाकटा भाऊ रत्नाकर. गावातला नावाजलेला सोनार. नथीच्या तारेला मोगऱ्याच्या देठाची नजाकत देणारा. श्रावणात अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, वाणी गेली. समजत सारं होतं. पण शब्द ओठांशी येत आणि लाटेसारखे फुटून माघारी जात. त्या दिवसापासून त्यानं हत्यारांकडे पाहिलंही नव्हतं.

त्याच्यासाठी ती एक पेटी घडवत होती. चार बटणं, चार शब्द. चहा, पाणी, बाहेर, ताई. बटण दाबलं की शब्द उमटणार. तिनंच आपल्या आवाजात भरून ठेवलेला.

तारांच्या टोकांना पिना बसवायच्या तेवढ्या उरल्या होत्या. पिन कसली, तांदळाची कणीच ती! तिच्या अंगाला पंखांच्या दोन इवल्या जोड्या. तारेचे तांबूस, केसासारखे तंतू त्या पंखांत निजवायचे, आणि पक्कडीनं पंख मिटवायचे. नीट मिटले तर तार जन्माची बांधली. तिरके मिटले तर ओढताच निसटली.

चहा बांधला गेला. पाणी बांधलं गेलं. बाहेरही बांधलं गेलं. ‘ताई’ची तार मात्र निसटली. पुन्हा निसटली. पिना वाकल्या, चुरमडल्या, मेजावर मेलेल्या मुंग्यांसारख्या पडल्या. पुडीत एकच उरली, आणि मंदाकिनीनं पक्कड खाली ठेवली.

“रवांदे रे रत्ना,” ती म्हणाली. “हाक नसली तरी चलात. मी हयसरच आसंय.”

रत्नाकरनं मान हलवली. नाही.

मग त्याचा डावा हात मेजावर आला. सावकाश, अनोळखी वाटेनं चालावा तसा. त्यानं चिमटा उचलला. पिन टिपली. मागचे दोन पंख नुसते जरासे जवळ आणले; मिटवले नाहीत, तारेपुरती कुशी केली. तार तिनं आत सरकवली. ती तिथं टिकली, हलली नाही. त्यानं हनुवटीनं पक्कडीकडे खुणावलं.

“आता मी दाबू?”

त्यानं डोळे मिटून होकार दिला. पक्कड मिटली. बारीकसा, कोवळा आवाज झाला. दोघांनी दोन बाजूंनी तार ओढून पाहिली. तार सुटली नाही.

पेटी जोडून झाली. त्याचं बोट चहावरून गेलं, पाण्यावरून गेलं, बाहेरवरून गेलं. चौथ्या बटणावर थांबलं.

“ताई.”

आवाज तिचाच, हाक त्याची. श्रावणापासून या घरात कुणी तिला ताई म्हटलं नव्हतं.

“ओ,” ती म्हणाली.

त्यानं पुन्हा दाबलं. तिनं पुन्हा ओ दिली. अर्धाच हसू शकणाऱ्या ओठांनी तो हसला, आणि पुन्हा दाबलं. ऊन मेजावरून उतरून खळ्यात गेलं, खळ्यातून कुंपणाशी गेलं. आणि हाक येत राहिली, ओ जात राहिली, हाक येत राहिली, ओ जात राहिली.