फिल्टरची बांगडी

कपाटाच्या दारावर पट्ट्याचं बक्कल टणकन वाजलं.

वीज गेलेली होती. पंखा थांबलेला, अंगणातल्या कोंबड्याही भिंतीच्या सावलीत गप्प बसलेल्या. पिंकीला मी नुकतंच झोपवलं होतं. तिचा घामेजलेला हात अजून माझ्या मानेखाली होता. त्या आवाजानं ती दचकून उठून बसली. मी वळून पाहिलं तर कपाटापाशी राजदीप उभा, हातात चामडी पट्टा, हात कोपरापर्यंत काळे. माझ्या माहेरी खुंटीवरून पट्टा निघाला की आम्ही भावंडं घराबाहेर पळायचो. राजदीप तसला माणूस नाही. तरी मी पिंकीला जवळ ओढलंच.

"फिल्टर निंगून नाई राह्यला," तो म्हणाला. "पट्टा गुंडाळून पाह्यतो. तू मोबाईलचा टॉर्च धर माया संगं."

"मी बी येतो," पिंकी म्हणाली. डोळे अजून उघडलेही नव्हते नीट.

"तू नाई. खाली हातोडी चालते."

"मंग माई बांगडी?"

"देतो ना. जा आता आजीकडे."

बांगडीची गोष्ट सांगायला हवी. राजदीप त्याच्या ट्रकचं तेल बदलतो तेव्हा जुना फिल्टर काढला की त्याच्या तोंडाशी बसवलेली रबरी कडी उपसतो, साबणानं धुतो आणि पिंकीला देतो. ती पिंकीची बांगडी. मनगटात ती कुठली राहायला. मग ती कोपराच्याही वर, पार दंडात चढवते आणि अंगणवाडीत मिरवते. पहिल्यांदा दिली तेव्हा तिनं विचारलं होतं, ही गाडीलाच का नाही राहू दिली? तो हसून म्हणाला होता, "जुनी तिथंच राह्यली अन् तिच्यावर नवीन बसली तं दोघी एकमेकीले ढकलते. मंग गाडी रडते. काळं काळं रडते." तेव्हापासून तेल बदलायचं म्हटलं की पिंकी घमेल्याजवळ उकिडवी बसून असते, फिल्टर बाहेर आला रे आला की हात पुढे.

आज मीच तिला उचललं आणि मागल्या घरी सासूबाईंकडे नेऊन सोडलं. त्या खाटेवर बसून तांदूळ निवडत होत्या. "आण इकडे," त्या म्हणाल्या, "त्या गाडीपायी पोरीची झोप नाई, आईची नाई. गाडीच लेकरू झाली या घराचं."

आमचं घर आलापल्लीच्या टोकाला, शेवटचं म्हणावं असं. समोर रस्ता, रस्त्यापलीकडे सागाचं रान. दारातच गाडी उभी होती, ताडपत्रीच्या वरपर्यंत भरलेली. तेंदूपत्त्याची पोती. आतल्या गावातल्या फळीवर, म्हणजे पत्ता गोळा करायच्या मैदानात, वाळवून बांधलेला पत्ता, हात लावला तरी चुरचुरणारा. काल सांजेपासून घरभर तोच वास होता, सुकलेल्या पानांचा आणि तापलेल्या धुळीचा. मागच्या उन्हाळ्यात अशीच भरलेली एक गाडी रस्त्यात पेटली होती. ड्रायव्हर उडी मारून वाचला, पण गाडीचा सांगाडा पावसाळाभर तिथंच होता; बसमधून जाताना मी पिंकीचं तोंड माझ्या पदरात घ्यायची. तेव्हापासून पत्त्याचा हंगाम सुरू झाला की राजदीप परत येईपर्यंत मला अन्न गोड लागत नाही. त्याला मी हे सांगत नाही. त्याला माहीत आहे.

गाडीखाली चटई टाकून तो आडवा झाला होता. लटारूभाऊ चाकाला टेकून बसले होते. ते गाडीवरचे क्लिनर, वयानं राजदीपच्या बापासारखे, तोंडात कायम तंबाखूचा खर्रा.

"लिंबू-मिरची बांधू म्हणत होतो मी काल," ते मला म्हणाले. "तुमच्या घरी चालत नाई."

"लिंबू नको भाऊ, पाना द्या," गाडीखालून आवाज आला.

"पाना तं तूच डोक्याखाली घेऊन झोपला आहेस."

मी टॉर्च धरून वाकले. इंजिनच्या कुशीला तो फिल्टर चिकटला होता, तान्ह्याच्या दुधाच्या डब्याएवढा, तेलानं आणि धुळीनं माखलेला. जुनं तेल केव्हाच सोडून झालं होतं. घमेलं काठोकाठ भरलं होतं. म्हणजे गाडी आता जागची हलवून कुणा मिस्त्रीकडेही नेता येत नव्हती. जे करायचं ते इथंच.

राजदीपनं फिल्टरला गोणपाटाचा तुकडा लपेटला, वरून पट्टा आवळला आणि ओढला. पट्टा घसरला. पुन्हा आवळला. त्याच्या मानेच्या शिरा टरारून आल्या. कट्टकन बक्कल तुटून माझ्या पायाजवळ पडलं.

"मागच्या बारीनं हायवेवरच्या त्या गॅरेजवाल्यानं बसवला," तो दात आवळून म्हणाला. "रबरले तेलाचं बोट बी नाई लावलं, अन् वरून चेनच्या पान्यानं आवळला. हा हातानं बसवाचा असते, हातानं! भाजून चिकटला साला."

तेवढ्यात फोन वाजला. पत्त्याच्या ठेकेदाराचा मुन्शी. फोन माझ्याच हातात होता, मी तो स्पीकरवर टाकला.

"निंगाला का रे राजदीप? इकडे आभाळ भरून राह्यलं. पत्ता भिजला तं काळा पडन, मंग मले नको सांगशील."

"निंगतोच आहो," राजदीप म्हणाला.

मी गाडीखालून मान बाहेर काढून पाहिलं. खरंच, रानाच्या वर आभाळ जांभळं झालं होतं. वारा मात्र अजिबात नव्हता. सागाचं एक पान हलत नव्हतं.

मग त्यानं पेचकस घेतला आणि हातोडीनं फिल्टरच्या पोटात आरपार ठोकला. उरलंसुरलं तेल भळकन त्याच्या हातावर, छातीवर आलं. पेचकस धरून त्यानं जोर लावला, तर फिल्टर फिरायच्या ऐवजी पत्राच फाटत गेला, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा. पुन्हा भोक, पुन्हा फाटला. शेवटी त्यानं सगळं पोट ओढून काढलं. आतल्या घड्या घातलेल्या कागदाचे लगदे मांसासारखे लोंबत होते. मला बघवेना, पण टॉर्च हलवायची सोय नव्हती.

आता इंजिनला नुसती तळाची चकती उरली होती, जाड लोखंडी.

"छिन्नी द्या भाऊ."

छिन्नी चकतीच्या कडेला लावून तो तिरपे घाव घालू लागला. प्रत्येक घावाला वरची पोती थरथरायची आणि पत्त्याचा भुगा माझ्या केसांत पडायचा. लटारूभाऊंची थट्टा थांबली होती. फोन पुन्हा वाजला, मी कापला. पुन्हा वाजला.

"सरकली!" राजदीप ओरडला.

चकती फिरून खाली पडली, खणकन. त्यानं ती न बघताच बाजूला भिरकावली. चिंधीनं इंजिनवरची फिल्टर बसायची बैठक पुसली. "टॉर्च वर धर. हं. साफ आहे." मीही पाहिलं. काळ्यावर काळं, तेलानं चकाकणारं. मला ते साफच दिसलं.

नव्या फिल्टरच्या रबराला त्यानं बोटानं तेल लावलं, पिंकीच्या कपाळाला तीट लावावी इतक्या हळुवार. हातानंच बसवला, टेकला, वर थोडा अजून फिरवला. नवीन तेल ओतलं, गाडी चालू केली. आम्ही तिघांनी वाकून पाहिलं. थेंबही नव्हता.

"दिवा?" मी विचारलं. काल येताना तेलाचा लाल दिवा लुकलुकत होता, म्हणून तर हा सगळा खटाटोप.

"दिव्याची वायरच लूज आहे, मी म्हणलं नाई का तुले. तेल असलं तरी लुकलुकते. अन् तुया पोरीनं त्याले दवाखान्यात टाकलं ना."

मी केबिनमध्ये डोकावले. त्या दिव्यावर माझी लाल टिकली चिकटवलेली होती. सकाळी पिंकी स्टेअरिंगवर बसून खेळत होती तेव्हा लटारूभाऊ म्हणाले होते, गाडी हा डोळा सारखा मिचकावते, दुखते वाटते तिचा. तर तिनं माझ्या आरशावरची टिकली आणून औषध म्हणून लावली. राजदीप तेव्हा इतका हसला होता की त्यानं ती काढलीच नाही. मलाही ती काढावीशी वाटली नाही. पोरीचा हात बापाच्या डोळ्यासमोर राहील, असंच वाटलं.

त्यानं हातपाय धुतले, उभ्यानंच भाकर खाल्ली. आईला "जय भीम, येतो" म्हणून मागच्या दाराशी हाक मारली. पिंकी आजीच्या कुशीत पुन्हा झोपली होती, तिला उठवू नको म्हणाला. लटारूभाऊंनी दारावर थाप मारली आणि गाडी रस्त्याला लागली. वळणावर ताडपत्रीचा कोपरा हलला, तेवढाच दिसला.

मी अंगण आवरायला घेतलं. फाटका पत्रा, कागदाचे लगदे, तुटलेलं बक्कल. भिरकावलेली चकती कोंबड्यांच्या भांड्याजवळ सापडली. तेवढ्यात पिंकी आली, केस विस्कटलेले, दंडात जुन्या बांगड्या.

"बाबा गेले?"

"गेले बाप्पा. उद्या येते."

"माई बांगडी दिली तुयाकडे?"

"ही पाह्य, इथंच आहे," मी म्हणाले आणि चकती उलटी केली.

तिच्या कडेनं गोल खोबण असते, रबर बसायची. ती रिकामी होती.

मी बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. जमिनीवर बसून लगदे चाचपले, पत्र्याच्या चिंध्या उलटसुलट केल्या. घमेल्यातल्या तेलात मनगटापर्यंत हात घातला आणि तळ शोधला. पिंकीही माझ्याशेजारी बसून मातीत शोधत होती, खेळ समजून. चटई झटकली. गाडी उभी होती तिथली माती नखांनी उकरली. कुठंच नाही. म्हणजे जुनी कडी इंजिनलाच चिकटून राहिली होती, नव्या फिल्टरच्या खाली.

राजदीपनं हमखास पाहिली असती. दर वेळी पाहतोच, कारण हा एवढासा हात समोर पसरलेला असतो. आज तो हात मी मागल्या घरी नेऊन ठेवला होता.

मी फोन लावला. लागला नाही. लटारूभाऊंचाही नाही. रानात शिरलं की आष्टीपर्यंत फोनचा भरवसा नसतो. मग प्रेमिलाला लावला. वनविभागाच्या नाक्याजवळ तिची आणि तिच्या नवऱ्याची, इस्तारीभाऊंची, चहाची टपरी आहे. रानात शिरणारी प्रत्येक गाडी पास दाखवायला तिथं थांबते.

"अवो, आत्ताच गेला ना तुया नवरा," ती म्हणाली. "चाय बी नाई घेतला. आभाळ पाहून पयाला."

"प्रेमिला, गाडी उभी होती तिथं जमिनीवर काई दिसते का? जाऊन पाह्य ना."

"काऊन वो?"

"तू पाह्य आधी."

तिच्या चपलांचा आवाज ऐकू आला. कुणाला तरी तिनं बाजूला व्हायला सांगितलं.

"तेल सांडलं आहे बाई," ती म्हणाली. आवाज उतरला होता. "मले वाटलं पाणी. कुत्र्याचे पाय काळे झाले पूर्ण. अन् नाक्याच्या पुढं बी आहे. धार लागली आहे रोडनं."

"त्याले थांबव."

"कशी थांबवू? तो तं दिसत बी नाई आता."

"गरम इंजिनवर तेल उडून राह्यलं, प्रेमिला. वर पत्ता भरला आहे."

तिनं तिकडेच हाक मारली, "अवो, गाडी काढा, आधी गाडी काढा!" मोटरसायकलला किक बसल्याचं ऐकू आलं, एकदा बसली नाही, मग बसली. "गेले हे," ती म्हणाली. "धारंच्या मागं मागं जाते. तू फोन ठेव, मी लावतो तुले."

मी फोन ठेवला. मांडीवर, स्क्रीन वर करून. सासूबाई मागच्या दारातून आल्या, माझे काळे हात पाहिले आणि शेजारी बसल्या. वारा आता सुटला होता. सागाची मोठी पानं एकमेकांवर आपटत होती आणि त्या आवाजात रस्त्यावरचं दुसरं काहीच ऐकू येत नव्हतं.

पिंकीनं माझ्या हातातली चकती घेतली. रिकाम्या खोबणीतून तिचं बोट हळूहळू गोल फिरत राहिलं. प्रेमिलाशी बोलताना मी काय म्हणाले ते सगळं तिनं ऐकलं होतं. मग ती माझ्या कुशीला टेकली आणि तिनं वर माझ्या कपाळाकडे पाहिलं, टिकली होती तिथं.

"आई," तिनं विचारलं, "मी तं गाडीचा डोळा झाकला. मंग गाडी रडून राह्यली हे बाबाले कसं दिसन?"