मधला डाग

“ही पट्टी वाकडी झालीय,” भिंगताई म्हणाली.

कापडावर खडूने रेघ मारता मारता ती थांबली होती. नवऱ्याने पट्टी उचलून डोळ्यांसमोर धरली.

“सरळ आहे की.”

“मध्येच पोट आलंय तिला.”

शाळेच्या गणवेशांचा हंगाम होता. कारखाना नवऱ्याचा, पण कात्री तिची. बाटलीच्या बुडासारख्या चष्म्यामुळे शिवणाऱ्या बायकांनी तिला भिंगताई नाव ठेवलं होतं, आणि तीही त्यावर हसायची.

काही वर्षांपूर्वी तिच्या उजव्या डोळ्यात, पडद्यामागे रक्त उतरलं. व्रण राहिला, नजर गेली. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून बजावलं होतं, “एवढ्या मोठ्या नंबराचा डोळा लांबट होतो, मागचा पडदा ताणून विरतो. एका डोळ्याला झालं की दुसऱ्यालाही धोका वाढतो. त्यात वय वाढतंय. सरळ रेघ वाकडी दिसली तर उद्यावर ढकलू नका. इंजेक्शन वेळेवर मिळालं तर बरीच नजर वाचते.” नवऱ्याने मान डोलावली होती.

आता तो म्हणाला, “माल जाऊ दे, मग दाखवू. ऐन हंगामात कात्री कोण धरणार?”

दुसऱ्या दिवशी त्याने नवी कोरी पट्टी आणून टेबलावर ठेवली. तीही वाकडीच दिसली. भिंगताई काय ते समजली. पण आजारपणाचं निमित्त काढलं असं घरात कोणी म्हणायला नको, म्हणून बोटांनी कड चाचपत ती कापत राहिली.

माल गेला, तेव्हा रेघेच्या जागी डाग आला होता.

डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ डोळा तपासला. “वाकडं कधीपासून दिसत होतं?”

“हल्लीच,” नवरा घाईने म्हणाला. “हिने सांगितलंच नाही.”

“सांगितलं होतं,” भिंगताई म्हणाली. “ह्यांनी पट्टी बदलून दिली.”

डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे एकदाच पाहिलं. “व्रण धरलाय. इंजेक्शन देऊ, आणखी पसरू नये म्हणून. गेलं ते परत येणार नाही.”

कात्रीला नवा माणूस आला. भिंगताई चाचपून बटणं निवडू लागली. लेकीलाही जाड चष्मा होता. तिला जवळ बसवून, एकेक डोळा झाकून खिडकीचे गज बघायला शिकवलं. “वाकडे दिसले तर कोणाला विचारत बसू नकोस,” ती म्हणाली. “सरळ दवाखाना गाठ.”

एकदा जेवताना नवरा चिडला. “मी बोलतोय आणि तू भिंतीकडे बघतेस. किती दिवस राग धरणार?”

“भिंतीकडे बघितलं की कडेने तुमचा चेहरा दिसतो. सरळ बघितलं तर तिथे नुसता डाग असतो.”

त्याचा घास हातातच राहिला.

तिने मान सरळ त्याच्याकडे वळवली आणि शांतपणे जेवू लागली.