वाणाची मिरची

मिरचीच्या पानामागे कापसाचा बारीक बोळा... त्रिवेणीनं अंगठ्यानं दाबला तर चिकट, पिवळसर ओलं काहीतरी बोटाला लागलं, आणि नळाखाली धुतलं तरी ते जाईना, निदान तिला तरी तसं वाटत राहिलं. पिठ्या ढेकूण. नल्लकुंट्यातल्या या गच्चीवरची भेंडी गेली, टोमॅटो गेले, सगळं या पांढऱ्या पीडेनं खाल्लं. पण गच्चीचं एक वेळ असो, ती तिची स्वतःची होती. खरं डाचत होतं ते दुसरंच.

संक्रांतीचं हळदीकुंकू. महिला मंडळातल्या बायका बेगम बाजारातून प्लास्टिकचे डबे आणतात, आणि आपण? आपण मिरचीची रोपं लुटली, घरी वाढवलेली, कुंडीला कुंकवाचं बोट लावून. 'डबे काय, कुणीही देतं,' असं वर बोललोही... अगं बाई, काय तो तोरा! आणि त्याच सकाळी एका रोपाच्या बेचक्यात हा पांढरा ठिपका दिसला होता. दिसला होता की! अंगठ्यानं पुसला, अंगठा पदराला पुसला, आणि त्याच हातानं पुढे कुंकू लावत गेलो. बायका यायची वेळ झालेली, आता ऐन वेळी दुसरं वाण कुठून आणायचं? एवढ्याशा ठिपक्यानं काय होतंय, म्हटलं.

फोन वाजला. मलकपेठच्या इंदुताई, मंडळातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या.

"अगं त्रिवेणी, माझ्या वांग्यांवर कापूस आलाय बघ. लई परेशान केलंय. उदगीरचं बी आहे गं ते, आईनं दिलेलं, दरसाल धरते. यंदा एकही फळ पिकलं नाही तर संपलंच."

"आणि मिरची?" त्रिवेणीनं विचारलं.

"तिच्यावर तर सगळ्यात जास्त. वांग्यांच्या मधोमध ठेवलीय ना, मानानं! सून म्हणते फेकून द्या. मी म्हटलं, नक्को. वाण कुणी फेकतं होय?"

फेका, इंदुताई. आत्ताच्या आत्ता पिशवीत बांधून आधी तेच फेका... एवढंच म्हणायचं होतं. पण त्या विचारणार, का गं? आणि मग तो ठिपका, तो अंगठा, सगळं सांगावं लागणार. मंडळभर होणार, आणि डबे देणाऱ्या पोट धरून हसणार.

"साबणाचं पाणी मारा," ती म्हणाली. "यंदा हवाच तशी आहे."

हवा! काय पण शोधून काढलं.

"हौ, मारते. किती काळजी करतेस गं माझ्या झाडांची. गुणाची आहेस."

फोन बंद झाला तरी त्रिवेणी तिथंच उभी, अंगठा पदराला घासत. संक्रांतीपासून एकच धास्ती होती, इंदुताईंना कळलं तर? आता तिला कळून चुकलं की त्यांना कधीच कळणार नाही. वांगी जातील, आईचं बी जाईल, आणि इंदुताई त्या मिरचीला रोज सकाळी पाणी घालत राहतील... त्रिवेणीचं वाण म्हणून.

फोन अजून हातातच होता.