लेस्टरच्या बंद घराची किल्ली

मित्रांनो, मी एक जुनी पितळी किल्ली आहे, आणि खरं सांगते, पडून पडून कंटाळलेय. माझं कुलूप इंग्लंडात, लेस्टर शहरात. मी मात्र गिरगावच्या चाळीत, वीरेंद्ररावांच्या लोखंडी कपाटात.

वीरेंद्ररावांनी तिकडे बारा वर्षं एकट्याने नोकरी केली. त्यांची बायको सुमतीबाई इकडे सासू-सासऱ्यांचं करत राहिल्या. बायकोला बोलावून घ्यायचं म्हणून वीरेंद्ररावांनी तिथे दोन खोल्यांचं घर घेतलं. मला नवीकोरी कापून आणली तेव्हा मी कशी झळकत होते म्हणून सांगू! चार महिने त्यांच्या खिशात मिरवले. तेवढ्यात इकडे त्यांचे वडील अंथरुणाला खिळले. वीरेंद्रराव तिथलं सामानसुमान विकून परत आले, ते कायमचेच.

"बाबा, ते घर भाड्याने देऊ या," मुलगी क्षितिजा दरवर्षी म्हणायची.

"वेडी आहेस का? भाडेकरू एकदा घुसला की निघत नाही. आपलंच बघ ना! सत्तर वर्षं या खोलीत पागडीवर बसलोय. मालक बिचारा वाट बघून गेला!"

झालं. घराला कुलूप ते कुलूपच. पण तिथली तऱ्हा वेगळी हो! रिकाम्या घरावर तिथली नगरपालिका जादा कर लावते. आधी दुप्पट, पुढे तिप्पट. दरवर्षी विमानाच्या तिकिटांसाठी बाजूला काढलेले पैसे त्या करात जायचे. "राहू द्या हो, पुढच्या वर्षी जाऊ," सुमतीबाई म्हणायच्या. हे मी नऊ वेळा ऐकलं. भाडं घेतलं असतं तर त्यावरही कर होताच. तिकडे भरा, इकडेही दाखवा. पण तिकडे भरलेल्याची वजावट इकडे मिळते, असं क्षितिजा कितीदा तरी सांगायची. सगळं देऊन दोघांची तिकिटं आरामात निघाली असती. पण ऐकतो कोण?

शेवटी यंदा घर विकायचं ठरलं. विक्रीच्या नफ्यावर पुन्हा कर. तिकडे साठ दिवसांत कळवायचं, इकडेही दाखवायचं. क्षितिजाने सगळं नीट केलं. विक्री व्हायच्या आधी, जाहिरातीसाठी तिकडच्या दलालाने काढलेले फोटो तिने आईला मोबाइलवर दाखवले.

सुमतीबाईंनी चष्मा लावला. "अगंबाई, ओट्यासमोर खिडकी आहे? तुम्ही कधी बोलला नाहीत!"

"तू येऊन बघशील म्हटलं," वीरेंद्रराव कसेबसे म्हणाले.

त्या बराच वेळ तो एकच फोटो बघत राहिल्या. मला तर रडूच आलं.

नव्या मालकाने कुलूप बदललं. आता मी कशाचीच किल्ली नाही. मित्रांनो, परदेशात घर घ्या, खुशाल घ्या. पण तिथला कर, इथला कर आधी जाणत्या माणसाला विचारा. घरात स्वतः राहा, नाहीतर दुसऱ्याला राहू द्या. आपल्या माणसावर आपलंच घर पहिल्यांदा विक्रीच्या जाहिरातीत बघायची वेळ आणू नका.