गाठोड्याचा कोपरा

शिवणाच्या बाईंनी तीस वर्षं शाळेत मुलींना टाके शिकवले आणि साठी उलटल्यावर न्हाणीघरात पाय घसरून उजवं मनगट मोडून घेतलं. प्लास्टर निघालं, पण हातातला जोर काही परत आला नाही. तसल्या हातानं त्या लेकीच्या बाळंतपणासाठी महिनाभर तिच्या गावी आल्या, आणि बाळ घरी आलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी लेकीच्या डोळ्यांदेखत दुधाचं पातेलं हातातून निसटलं. झालं! त्यानंतर बाईंनी बाळासाठी हात पुढे केले की लेक गोड आवाजात म्हणायची, आई, तू बस, दमली असशील. बाई काय दुधखुळ्या होत्या न कळायला? स्वतःचं नातवंड, आणि लांबून बघायचं. त्यांच्या जिवाला फार लागलं.

व्यायामात एक दिवसही खाडा नको, असं डॉक्टरांनी बजावलेलं. तेव्हा बाई सकाळी उठून जिम शोधायला निघाल्या. पहिल्या ठिकाणी वर्षभराचीच नोंदणी. बाई तर महिन्याच्या पाहुण्या. दुसरीकडे गाणी कानठळ्या बसवणारी, आणि तिथल्या मुलीनं मनगटाचं काही न विचारता, पोट किती कमी करायचंय तेवढं मात्र विचारलं. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तिसरी जिम टायरच्या दुकानावर, एक जिना चढून. मालक पन्नाशीचा, अर्धं आयुष्य गोदामात पोती वाहिलेला, आता चांगलं पोट सुटलेला. ह्यानं स्वतःचाच काय उजेड पाडलाय, असं बाईंच्या मनात आलंच. पण त्यानं नोंदणीचा कागद पुढे केला नाही. मनगट नीट बघितलं आणि विचारलं, "मावशी, उचलायचंय काय?"

असं कुणी विचारलंच नव्हतं. बाई बोलून गेल्या, "नातू. सव्वातीन किलोचा."

तो हसला नाही. लोखंड गप्प पडून राहतं, बाळ वळवळतं, तुम्ही एक पिशवी शिवून आणा, म्हणाला. बाईंनी जुन्या चादरीची पिशवी शिवली, त्यानं मोजून सव्वातीन किलो वाळू भरली, बाईंनी कोपरा शिवून बंद केला. ते गाठोडं जिममध्येच राहायचं; मालकानं टॉवेलात गुंडाळून दिलं की छातीशी धरून त्या रोज यंत्रांमधून येरझारा घालू लागल्या. पहिल्या आठवड्यात दोनदा पडलं. मालक ते उचलून पुन्हा हातात द्यायचा. दंड फुगवणारे धिप्पाड गडी बाईंना वाट करून द्यायचे. एकानं तर गाण्याचा आवाजच बारीक केला. बाळ झोपलंय ना, म्हणे.

निघायला तीन दिवस उरले तेव्हा बाई लेकीला म्हणाल्या, "एकदा दे. तू हाताखाली हात धरून बस." लेकीनं श्वास रोखून बाळ दिलं. दवाखान्यात कालच चार किलो भरलेलं ते पोर मानेला हिसका देऊन वळवळलं, पण मनगट हललं नाही. बाई उठल्या, बाळाला घेऊन खिडकीपर्यंत गेल्या. लेकीनं कधीच हात काढून घेतला होता आणि ती रडत होती.

बाईंना मात्र एक कोडं पडलं. चार किलोचं बाळ सव्वातीन किलोच्या गाठोड्यापेक्षा हलकं कसं?

दुसऱ्या दिवशी जिममध्ये त्यांनी टॉवेल सोडून गाठोडं उलटंपालटं केलं. कोपऱ्यावर जाड दोरा, वाकडेतिकडे टाके, पुन्हा पुन्हा उसवून घातलेले.

"हा टाका माझा नाही," बाई म्हणाल्या.

मालक ओशाळला. "बाळ वाढतं ना, मावशी. दर दोन-तीन दिवसांनी मूठभर वाळू घालत होतो. सांगितलं असतं तर तुम्ही घाबरला असता."

काट्यावर ठेवलं तर साडेचार किलो. बाईंना बोलायचं पुष्कळ होतं, पण तुमचे उपकार कसे फेडू, एवढंच कसंबसं निघालं. त्यावर तो म्हणाला, गाठोडं घेऊन जा, वाळू घालत राहा, पुढच्या खेपेला पोरगं जड झालेलं असेल.

वाकडा टाका दिसला की उसवायला लावायचा, हा बाईंचा तीस वर्षांचा खाक्या. परतीच्या बसमध्ये गाठोडं मांडीवर होतं, सुई-दोरा पर्समध्ये होता. त्या कोपऱ्यावरून बोट फिरवत राहिल्या, पण तो टाका त्यांनी उसवला नाही.